जुना टीव्ही गेम लिनक्सवर रेकॉर्ड करायचाय? स्वस्त कॅप्चर कार्ड घेताना खोका नको, चिप बघा

माळ्यावर किंवा कपाटाच्या तळाशी अजून कितीतरी घरांत जुना गेम पडून आहे. कुणाकडे 'कॅसेट' घालून चालणारा टीव्ही गेम, कुणाकडे गोव्या-कोकणातल्या नातेवाइकांनी गल्फहून आणलेलं प्लेस्टेशन २. ही यंत्रं आता थकत चालली आहेत. प्लेस्टेशनची लेन्स डिस्क वाचत नाही, कॅसेटच्या पिना गंजतात. तोवर त्यावरचा खेळ रेकॉर्ड करून ठेवावा, असं अनेकांना वाटतं.

इम्युलेटर असताना हा खटाटोप कशाला, असं कुणी विचारेल. पण आपल्याकडच्या 'इतके इन १' कॅसेटमधले फेरफार केलेले गेम, मेमरी कार्डात अडकलेला स्वतःचा जुना खेळ, हे तसंच्या तसं इंटरनेटवर मिळेलच असं नाही. हैदराबादच्या कंपनीनं बनवलेला आणि २००९ मध्ये प्लेस्टेशन २ वर आलेला 'हनुमान : बॉय वॉरियर' हा आपल्या देशातला गेम आज किती घरांत चालू स्थितीत असेल?

रेकॉर्ड करायला लागतं व्हिडिओ कॅप्चर कार्ड. ऑनलाइन बघाल तर हजाराच्या आत डझनभर मिळतात. सगळ्यांवर विंडोजचं चिन्ह, सोबत कधी ड्रायव्हरची सीडी. घरातला लॅपटॉप लिनक्सवर असेल तर त्या सीडीचा काहीच उपयोग नाही. तिथं कार्ड चालणार की नाही हे ठरतं फक्त आतल्या चिपवर.

आधी तुमच्या गेमची पिन बघा

पिवळी, पांढरी आणि लाल अशा तीन पिना असतील, किंवा टीव्ही गेमसारख्या फक्त दोन, तर 'एव्ही' घेणारं कार्ड हवं. पिवळ्यातून चित्र येतं, पांढऱ्या-लाल पिनांतून आवाज. कार्डाला आणि गेमला दोन्हींना एस-व्हिडिओची गोल पिन असेल तर तीच वापरा. तिच्यात रंग आणि उजेड वेगळ्या तारांतून येतात, त्यामुळे अक्षरांच्या कडेला रंगीत ठिपके पळत नाहीत.

टीव्ही गेमला फक्त अँटेनाची पिन असेल तर एव्ही कार्ड थेट चालणार नाही, कारण त्यात ट्यूनर नसतो. अशा वेळी घरात जुना चालू व्हीसीआर असेल तर काम होतं. अँटेनाची वायर व्हीसीआरला लावा, चॅनल पकडा आणि व्हीसीआरच्या एव्ही आउटमधून कार्डाला जोडा.

एचडीएमआयचं कार्ड वेगळं. ते जुन्या गेमला थेट लागत नाही. प्लेस्टेशन ३ ला एचडीएमआय असतं, पण त्यावर एचडीसीपी नावाचं कुलूप कायम चालू असतं, त्यामुळे पडदा काळा दिसतो. कार्ड खराब आहे असं समजून परत पाठवू नका.

एकच खोकं, आत वेगवेगळ्या चिपा

'ईझीकॅप' नावानं मिळणारं काळं एव्ही कार्ड बाहेरून सगळीकडे सारखंच दिसतं. आत मात्र वेगवेगळ्या चिपा निघतात. कार्ड लॅपटॉपला लावा, टर्मिनल उघडून 'एलएसयूएसबी' ही आज्ञा द्या. येणाऱ्या ओळीत चार अक्षरांचा उत्पादक क्रमांक दिसेल (स्क्रीनवर अर्थातच इंग्रजी अक्षरांत). तो असा ओळखा :

• ०५ई१ : सिनटेकची एसटीके११६० चिप. तिचा ड्रायव्हर २०१२ पासून लिनक्सच्या कर्नेलमध्येच आहे. वेगळं काही टाकावं लागत नाही.

• १बी७१ : यूटीव्ही००७ चिप. 'यूएसबीटीव्ही' हा ड्रायव्हर २०१३ पासून कर्नेलमध्ये आहे.

• ईबी१ए : एम्पियाची चिप. हिचा ड्रायव्हर तर या दोघींपेक्षाही जुना.

• ५३४डी : मॅक्रोसिलिकॉनची चिप. ही वेबकॅमसारखी वागते, म्हणून कुठल्याही लिनक्सवर लावली की चालू.

• १सी८८ : सोमॅजिकची चिप. हिच्यापासून लांब राहा. कर्नेलमध्ये ड्रायव्हर नाही, विंडोजच्या फाइलमधून फर्मवेअर काढून भरायची कसरत करावी लागते.

पाकिटावर चिपचं नाव बहुधा छापलेलं नसतं. म्हणून विक्रेत्याला आधी विचारा, ग्राहकांच्या प्रतिक्रियांत 'लिनक्स' शब्द शोधा आणि माल परत घेणाऱ्याकडूनच घ्या.

जुन्या गेमची खरी अडचण : अर्ध्या ओळी

कार्ड चाललं, चित्र आलं, तरी बऱ्याच जणांचं रेकॉर्डिंग फसतं. कारण समजून घ्या.

जुन्या टीव्हीवर चित्र दोन हप्त्यांत यायचं. आधी विषम ओळी, मग सम ओळी. या प्रत्येक हप्त्याला फील्ड म्हणतात. आपल्याकडच्या पाल पद्धतीत सेकंदाला ५० फील्ड, म्हणजे २५ पूर्ण चित्रं. कॅसेटचे टीव्ही गेम आणि पहिल्या प्लेस्टेशनचे बहुतेक गेम मात्र ही सम-विषम भानगड करत नाहीत. ते दरवेळी त्याच ओळींवर नवं चित्र काढतात, सेकंदाला पूर्ण ५० वेळा.

स्वस्त कार्डाला हे कळत नाही. ते दोन वेगळ्या क्षणांची चित्रं एकात विणून टाकतं. मग पळणाऱ्या माणसाच्या कडेला कंगव्यासारखे दाते दिसतात. 'कॉन्ट्रा'मध्ये जीव गेल्यावर खेळाडू लुकलुकतो ना, ते लुकलुकणं म्हणजे एक चित्र सोडून एक चित्रात त्याला दाखवणं. कार्डानं अर्धी चित्रं टाकून दिली तर तो खेळाडू पडद्यावरून गायबच होतो!

उपाय फुकट आहे. ओबीएस स्टुडिओमध्ये कार्डाच्या सोर्सवर राइट क्लिक करा, डीइंटरलेसिंगमध्ये जाऊन 'रेट्रो' निवडा. हा पर्याय याच कामासाठी दिलेला आहे. ओबीएसचा फ्रेम रेटही ५० ठेवा. प्लेस्टेशन २ चे बहुतेक गेम खरोखरच सम-विषम ओळींत चित्र देतात, त्यांना 'याडिफ २एक्स' बरा.

पण यासाठी कार्डानं दोन्ही फील्ड न मोडता लॅपटॉपपर्यंत पोचवायला हवेत. सिनटेक, यूटीव्ही आणि एम्पियाच्या चिपा चित्र कच्चं पाठवतात. मॅक्रोसिलिकॉनचं कार्ड जोडायला सोपं, पण ते बहुतेकदा चित्र आतच मिसळून आणि दाबून पाठवतं. एकदा मिसळलेलं पुन्हा वेगळं करता येत नाही. म्हणून कॅसेटच्या गेमसाठी पहिल्या तीन चिपाच घ्याव्यात.

'४के', 'यूएसबी ३' या शब्दांना भुलू नका

एव्ही चित्राला मोठा वेग लागतच नाही. ७२० गुणिले ५७६ ठिपक्यांचं कच्चं चित्र सेकंदाला २५ वेळा, म्हणजे साधारण २ कोटी बाइट. यूएसबी २ ची कागदावरची मर्यादा ६ कोटी बाइट. आरामात मावतं.

एचडीएमआयच्या स्वस्त कांडीचं उलट आहे. तिच्यात बऱ्याचदा एमएस२१०९ ही यूएसबी २ ची चिप असते. १०८०पीचं कच्चं चित्र सेकंदाला ३० वेळा पाठवायचं तर १२ कोटींहून जास्त बाइट लागतात. ते मावत नाही, म्हणून ती प्रत्येक चित्र दाबून पाठवते. '४के' म्हणजे ४के चित्र तिला समजतं एवढंच, रेकॉर्ड १०८०पीच होतं. वरचं टोक निळं असलं म्हणून ती यूएसबी ३ होत नाही. या चिपचा आवाज जुन्या लिनक्सवर चुकीच्या वेगाचा आणि मोनो म्हणून दिसायचा. २०२० नंतरच्या कर्नेलमध्ये ते दुरुस्त झालं आहे.

एव्हीचं एचडीएमआय करणारा छोटा डबा आणि ही कांडी, अशी जोडी काहीजण सुचवतात. पण तो डबाही दोन क्षणांची चित्रं विणतोच. दोनदा पैसे जातात आणि अडचण तिथंच राहते. रेट्रोटिंकसारखी यंत्रं हे काम नीट करतात, पण त्यांची किंमत हजारोंत. बजेटवाल्यांचा तो रस्ता नव्हे.

कार्ड हातात आल्यावर

१. पहिल्याच दिवशी 'एलएसयूएसबी' बघा. सोमॅजिक निघालं तर मुदतीत परत करा.

२. चित्र काळं-पांढरं किंवा वर सरकताना दिसलं तर ओबीएसमध्ये व्हिडिओ स्टँडर्ड बदला. आपल्याकडचा आणि गल्फचा गेम बहुधा पाल, अमेरिकेतून आलेला एनटीएससी. एनटीएससीला सेकंदाला ६० फील्ड असतात, तेव्हा फ्रेम रेटही ६० करा.

३. आवाज वेगळ्या डिव्हाइसवर येतो. ओबीएसमध्ये तो ऑडिओ सोर्स म्हणून स्वतंत्र जोडा.

४. लॅपटॉपच्या पडद्याकडे बघून खेळू नका, चित्र थोडं उशिरा येतं. एव्हीचे दोन फाटे करून एक टीव्हीला द्या, एक कार्डाला. टीव्हीवर खेळा, लॅपटॉपवर रेकॉर्ड करा.

५. आधी दोन मिनिटांचं रेकॉर्डिंग करून आवाज आणि चित्र जुळतंय का बघा, मगच पूर्ण खेळ लावा.

हेच कार्ड पुढं लग्नाच्या आणि नाटकाच्या जुन्या व्हीएचएस कॅसेट उतरवायलाही चालतं. तेव्हा 'रेट्रो' नव्हे, 'याडिफ २एक्स' ठेवायचं.