पगारातले दोनशे रुपये आणि एक आमदार

महिन्याची पहिली तारीख. मोबाइलवर मेसेज येतो, आपण सॅलरी स्लिप उघडतो आणि नजर थेट शेवटच्या आकड्यावर जाते. टेक होम किती? मधल्या ओळी कोण वाचतंय! मीही वाचत नव्हते. पण परवा आमच्या ऑफिसात नवीनच जॉइन झालेल्या एका मुलाने लंच टेबलवर विचारलं, ‘‘पीएफ कळला, टीडीएस कळला. पण हे पीटी काय प्रकरण आहे? हे दोनशे रुपये जातात कुठे?’’

टेबलावर आम्ही सहा जण. एक म्हणाला, महापालिकेला जात असतील. दुसरी म्हणाली, मंत्र्यांच्या गाड्यांना! नीट उत्तर कुणालाच देता आलं नाही. दर महिन्याला दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे, म्हणजे वर्षाचे अडीच हजार, एवढा हिशेब मात्र सगळ्यांना पाठ होता.

घरी येऊन शोधत बसले. प्रोफेशनल टॅक्स, मराठीत व्यवसाय कर. त्याचा माग काढत गेले आणि भेटले चक्क एक आमदार. विठ्ठल सखाराम पागे. नाव ऐकलंय? मीही ऐकलं नव्हतं.

ना खातं, ना बजेट

पागे पेशाने वकील. स्वातंत्र्यलढ्यात उतरलेले, गांधी-विनोबांच्या विचारांत मुरलेले. महाराष्ट्र राज्य झालं त्याच वर्षी, १९६० मध्ये, ते विधान परिषदेचे सभापती झाले आणि १९७८ पर्यंत त्या खुर्चीवर राहिले. तब्बल अठरा वर्षं! आपण तीन वर्षांत कंपनी बदलतो आणि वर ‘खूप झालं इथे’ म्हणतो.

आता सभापतींचं काम काय? सभागृह चालवायचं, दुसऱ्यांना बोलू द्यायचं, दोन्ही बाजूंना समान वागवायचं. हाताखाली खातं नाही, बजेट नाही, उद्घाटनाच्या फिती नाहीत. ऑफिसच्या भाषेत सांगायचं तर डेसिग्नेशन मोठं, पण टीम शून्य. अशा खुर्चीत बसलेल्या माणसाने एकच विषय धरला आणि सोडलाच नाही. तो विषय म्हणजे गावातल्या रिकाम्या हातांना काम.

शेतमजुराचं वर्ष तुमच्याआमच्या वर्षासारखं बारा महिन्यांचं नसतं. पेरणी, खुरपणी, सुगी झाली की संपलं. पुढचे महिने कसे काढायचे, ते ज्याचं त्याने बघायचं. दुष्काळ पडला तर सरकार कामं काढायचं, पण ती सरकारने दुष्काळ जाहीर केल्यावर आणि सरकारला जमेल तशी. पागेंनी ही उतरंडच उलटी केली. सरकारला वाटेल तेव्हा काम नाही, तर माणूस मागेल तेव्हा काम. ‘मागेल त्याला काम’ हे तीन शब्द पुढे महाराष्ट्रभर भिंतींवर रंगले.

पण हे नुसतं भाषण नव्हतं. १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात, विसापूरला, ही कल्पना आधी करून पाहिली गेली. आपण ज्याला पायलट प्रोजेक्ट म्हणतो, तेच! मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांच्यापर्यंत पागेंनी हा विषय नेला, आणि १९७२ मध्ये राज्यासाठी रोजगार हमी योजना आली.

बहात्तरचा दुष्काळ

आणि त्याच वर्षी पाऊस दगा देऊन गेला. बहात्तरच्या दुष्काळाबद्दल आपण घरातल्या म्हाताऱ्या माणसांकडून ऐकलेलं असतं आणि बहुतेक वेळा मोबाइल बघत ऐकलेलं असतं. १९७३ च्या उन्हाळ्यात दुष्काळी कामांवर जवळपास ५० लाख माणसं होती.

त्यातली एक माझी आजी. आमचं गाव आटपाडीच्या बाजूला. यावेळी मी फोन बाजूला ठेवून तिला विचारलं, ‘‘आजी, तू कामावर जायचीस ना गं?’’

‘‘जायाची म्हंजे! खडी फोडायची. तुझा बाप पोटात हुता. मिलो मिळायचा, लाल. पोरांना सुकडी. पुढं दोन-तीन वर्सांनी तळ्याचं काम निघालं, तितं माती वाहिली. मुकादम मस्टर घेऊन बसायचा.’’

‘‘आणि पैसे?’’

‘‘मोजून. खड्डा जेवढा, तेवढं पैसं. गड्याला जास्त, बाईला कमी, असं न्हाई.’’

हे शेवटचं वाक्य तिने दोनदा सांगितलं. शेतावर बाईची मजुरी पुरुषापेक्षा कमी, हा तेव्हाचा शिरस्ता. हमीच्या कामावर मात्र मापाप्रमाणे दाम. आपल्याकडे ‘इक्वल पे’ वर सेमिनार होतात. आजीने ती गोष्ट डोक्यावर पाटी घेऊन अनुभवली होती.

आता येतात आपले दोनशे

योजना झकास, पण पैसा कुठून आणणार? इथे शहराची एन्ट्री होते. १९७५ मध्ये राज्याने व्यवसाय कराचा कायदा केला तो रोजगार हमीसाठी पैसा उभा करायलाच. जोडीला इतर काही करांवर अधिभार आले. यातून जेवढं जमेल तेवढीच भर सरकारने आपल्या तिजोरीतून घालायची, असं ठरलं.

म्हणजे बघा, फोर्टातल्या बँकेचा कारकून, पिंपरीतला कामगार, पुण्यातला वकील यांच्या कमाईतून आटपाडीच्या तळ्यावर माती वाहणाऱ्या बाईची मजुरी निघणार! आज असा कर आणायचा म्हटलं तर आपण किती बोंब मारू? तेव्हा शहराने तो सोसला. त्यात दया होती तसा व्यवहारही होता. गावात काम नसलं की माणूस शहराच्या गाडीत बसतो. त्याला त्याच्या गावात काम मिळणं शहराच्याही फायद्याचं होतं.

पुढे १९७७ मध्ये विधिमंडळाने रोजगार हमीचा कायदाच मंजूर केला. खेड्यातल्या कुठल्याही प्रौढ माणसाने अंगमेहनतीचं काम मागितलं की पंधरा दिवसांत द्यायचं, नाही तर बेकारी भत्ता द्यायचा. योजना सरकार गुंडाळू शकतं. कायदा असा गुंडाळता येत नाही. काम मागणारा याचक राहिला नाही, हक्कदार झाला. देशात हे पहिल्यांदाच घडत होतं.

तोवर मुख्यमंत्री किती बदलले माहितीये? वसंतराव नाईक, शंकरराव चव्हाण, वसंतदादा पाटील. आणि २६ जानेवारी १९७९ ला कायदा लागू झाला तेव्हा शरद पवार. माणसं बदलली, सरकारं बदलली, कल्पना टिकली. पागे मात्र तोपर्यंत सभापतीच्या खुर्चीवरून उतरले होते. १९९० मध्ये ते गेले. विधान भवनातल्या संसदीय प्रशिक्षण केंद्राला आज त्यांचं नाव आहे. नवे आमदार तिथे कामकाजाचे धडे घेतात.

सगळं गोड नाही

आता यात काळंबेरं काहीच नव्हतं का? होतं की! मस्टरवर खोटी नावं लागली. मजुरी उशिरा मिळाली. पावसाळ्यात वाहून जाणारे रस्ते झाले. आपल्या पगारातून कापलेला पैसा वेळच्या वेळी हमीच्या कामाकडे वळत नाही, अशीही ओरड झाली. ‘रोजगार हमी’ हे शब्द कुचकामी कामाची टिंगल म्हणूनही वापरले गेले.

पण त्याच योजनेतून पाझर तलाव झाले, बांध पडले, विहिरी खोदल्या गेल्या. १९९० पासून हमीला फळबागांची जोड मिळाली आणि कोरडवाहू माळावर डाळिंब, आंबा, बोर, सीताफळ उभं राहिलं. मॉलमध्ये स्टिकर लावलेलं डाळिंब उचलताना हे आठवायला हरकत नाही.

महाराष्ट्राचा धडा दिल्लीनेही गिरवला. २००५ मध्ये देशाचा रोजगार हमी कायदा झाला, तोच पुढे मनरेगा. घरटी वर्षाला १०० दिवस काम आणि अकुशल मजुरीचा भार केंद्रावर. मग डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने त्याच्या जागी नवा कायदा मंजूर केला. त्यात दिवस १०० वरून १२५ झाले. पण बहुतेक राज्यांना खर्चाचा ४० टक्के वाटा उचलायचा आहे आणि पेरणी-कापणीच्या काळात मिळून ६० दिवसांपर्यंत काम थांबवण्याची तरतूद आहे.

म्हणजे प्रश्न पुन्हा राज्याच्या तिजोरीशी आला. आणि तिजोरीशी आला म्हणजे आपल्या स्लिपमधल्या त्या ओळीशी आला. ‘हमी’ या शब्दाचा अर्थ काय? मागितल्यावर मिळणारं काम, की बजेटमध्ये बसेल तेवढं काम? पागेंनी या प्रश्नाचं उत्तर एकदा दिलं होतं. ते टिकवायचं की नाही, हे आता आपण निवडून देतो ते आमदार ठरवणार.

आपण आमदाराला काय विचारतो? खड्डा कधी बुजवणार, नळाला पाणी कधी येणार, सोसायटीसमोरची गाडी कधी हलवणार. विचारायलाच हवं. पण आमदाराचं मूळ काम कायदे करण्याचं, आणि ते त्याला कुणी विचारतच नाही. पुढच्या वेळी मतं मागायला कुणी दारात आलं, तर एक प्रश्न जादा विचारू या. आमच्या पगारातून कापलेल्या दोनशे रुपयांचं काय केलंत?

दुसऱ्या दिवशी लंचला मी त्या नव्या मुलाला हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, ‘‘म्हणजे माझे दोनशे गावाला जातात?’’

संध्याकाळी आजीला फोनवर हे ऐकवलं. ती म्हणाली, ‘‘जातात कुटं? तळं अजून हाय की आपलं. पाणी बी हाय. बघायला ये म्हणावं त्याला.’’