छोट्या यांत्रिक होडीची निगा : इंजिन बंद ठेवतानाच घ्यावयाची काळजी

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर दरवर्षी १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. होड्या वाळूवर ओढून शाकारल्या जातात आणि आउटबोर्ड इंजिने पडवीत विसावतात. ऑगस्टमध्ये मात्र इंजिन सुरूच न होणे किंवा ऐन खाडीच्या मुखाशी बंद पडणे ही नेहमीची तक्रार असते. खवळलेल्या पाण्यात बंद पडलेले इंजिन थेट जिवावर बेतू शकते. या बिघाडाचे मूळ बहुधा विश्रांतीच्या दोन महिन्यांत असते. मीठ आणि शिळे पेट्रोल पोटात घेऊन पडून राहिलेले इंजिन आतून खराब होत जाते. म्हणून निगेची खरी वेळ इंजिन बंद करतानाची आहे.

दररोजची निगा

आउटबोर्ड इंजिन ज्या पाण्यात चालते, त्याच पाण्याने थंड होते. खाऱ्या पाण्यातील मीठ आतील मार्गांत साचले की इंजिन तापू लागते. फेरीनंतर इंजिनाचा खालचा भाग गोड्या पाण्याच्या पिंपात बुडवावा व गिअर न टाकता मंद गतीने सुमारे दहा मिनिटे चालवावे. पाणी शोषणारी छिद्रे पूर्ण बुडालेली असावीत. कोरडे चालवल्यास पंपातील रबरी इंपेलर अल्पावधीत निकामी होतो. इंजिनातून बाहेर पडणारी पाण्याची धार क्षीण झाल्यास इंजिन त्वरित थांबवावे. उजनीसारख्या गोड्या पाण्याच्या जलाशयात मिठाचे भय नसते. तेथे शेवाळ व गाळाने ही छिद्रे तुंबतात.

पंखा व गिअर तेल

जाळ्याचा नायलॉन धागा पंख्यामागील दांड्याला गुंडाळला की तेथील सील कापले जाते आणि गिअरमध्ये पाणी शिरते. यासाठी इंजिन बंद करून, सुरक्षा दोरी काढून, अधूनमधून पंखा उतरवावा. धागा काढून दांड्याला सागरी ग्रीस लावावे व नवी पिन बसवावी.

बंदीकाळापूर्वी गिअर तेल अवश्य बदलावे. तेल दुधाळ दिसल्यास पाणी शिरले आहे असे समजून सील बदलून घ्यावे. नवे तेल खालच्या छिद्रातून, वरच्या छिद्रातून बाहेर येईपर्यंत भरावे. आधी वरचा व नंतर खालचा स्क्रू बंद करावा. झीज स्वतःवर घेऊन इंजिनाचे धातूचे भाग वाचवणारी जस्ताची वडी निम्मी झिजल्यावर बदलावी. तिच्यावर रंग कधीही लावू नये.

इंजिन ठेवताना

इथेनॉलमिश्रित पेट्रोल हवेतील ओलावा शोषते व साठवणीत बिघडते. त्यामुळे टाकी रिकामी करावी आणि कार्ब्युरेटरमधील इंधन त्याच्या स्क्रूतून काढावे. स्पार्क प्लग काढून छिद्रात थोडे इंजिन तेल घालावे, दोरी दोन-तीनदा हळू ओढावी व प्लग परत बसवावा. आतील पाणी निथळावे म्हणून इंजिन उभेच ठेवावे. इंजेक्शन पद्धतीच्या इंजिनासाठी उत्पादकाच्या पुस्तिकेतील सूचना पाळाव्यात.

फायबरची चीर

चिरेभोवतीचा भाग घासून, गोड्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवावा. ओलसर पृष्ठभागावर रेझिन धरत नाही; म्हणून हे काम पावसाआधीच उरकावे. चिरेच्या कडा उतरत्या करून काचतंतूच्या चटईचे थर रेझिनसह द्यावेत. हार्डनर व अ‍ॅक्सिलरेटर एकमेकांत थेट कधीही मिसळू नयेत, कारण स्फोटाचा धोका असतो. अ‍ॅक्सिलरेटर आधी रेझिनमध्ये एकजीव करावा, मगच हार्डनर घालावा. हातमोजे, चष्मा व मास्क वापरावा.

इंजिन समुद्रात पडल्यास बाहेर काढताच गोड्या पाण्याने धुवावे, प्लग काढून पाणी निथळावे आणि त्याच दिवशी कारागिराकडे न्यावे. होडीत नेहमी जादा स्पार्क प्लग, प्लगचा पाना, पक्कड, पिना, वल्ही आणि प्रत्येकासाठी जीवरक्षक जाकीट असावे.

विस्तार कार्यकर्त्यांनी मे महिन्याच्या अखेरच्या आठवड्यात बंदरावर अर्ध्या दिवसाचे प्रात्यक्षिक ठेवावे आणि प्रत्येक मच्छीमार बांधवाला स्वतःच्या इंजिनाचे गिअर तेल स्वतःच्या हाताने काढून पाहू द्यावे. दुधाळ तेल एकदा डोळ्यांनी पाहिले की पुढील वर्षी कोणाला आठवण करून द्यावी लागत नाही.