चैत्रगौरीचे हळदीकुंकू

चैत्र शुद्ध तृतीयेला गौर झोपाळ्यात बसते आणि अक्षय्य तृतीयेपर्यंत महिनाभर माहेरपण भोगते. या काळात सोयीचा दिवस पाहून घरोघर हळदीकुंकू होते. दारी चैत्रांगण रेखले जाते. आंब्याची डाळ आणि कैरीचे पन्हे दिले जाते. भिजवलेल्या हरभऱ्यांनी ओटी भरली जाते. तापत्या उन्हात जिवाला थंडावा आणि शेजारणींना घटकाभर विसावा, अशी ही सुज्ञ योजना. कैरी आणि डाळ हा जिन्नसही बेताचा. त्यामुळे सामान्य घरालाही हा सण पेलतो.

मात्र ज्या शेजारणीने सकाळी कैऱ्या किसल्या, डाळ वाटली, ती विधवा असेल तर कुंकवाच्या वेळी माजघरातच थांबते. एका लेकीच्या माहेरपणात दुसरी लेक परकी ठरावी, हे या सणाचे शल्य होय. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही तो कित्ता गिरवण्याचे आवाहन केले. ठरावाने वाट मोकळी होते. बोलावणे मात्र घरातूनच जावे लागते. हळदीकुंकवाची यादी करताना तिचे नाव आधी लिहिले जावे.