मोजमापाची वाट, भाग ६ : सरासरीने न जाणारी त्रुटी

गेल्या आठवड्यात आपण उपकरणाचं लघुतम माप पाहिलं. ते कितीही बारीक असलं, तरी मोजमाप बरोबर येईलच असं नाही. असं का, ते कळायला शाळा-कॉलेजातला साधा लंबक पुरतो.

मीटरभर दोरा, खाली धातूचा गोळा. वीस आंदोलनांना लागणारा वेळ स्टॉपवॉचवर घ्यायचा. एकदा ४०.१ सेकंद येतात, मग ३९.९, मग ४०.२. अंगठा कधी अंमळ आधी पडतो, कधी उशिरा. ही यादृच्छिक त्रुटी. ती दोन्ही बाजूंना झुकते, म्हणून सरासरी काढली की बरीचशी विरते. शंभर वाचनं घेतली, तर सरासरीतली अनिश्चितता एका वाचनातल्या अनिश्चिततेच्या एक दशांश उरते.

आता लांबी गोळ्याच्या मध्यापर्यंत न मोजता त्याच्या वरच्या टोकापर्यंतच मोजली, असं धरा. गोळ्याची त्रिज्या १ सेंटिमीटर असेल, तर लांबी दर वेळी तेवढीच कमी भरते आणि गुरुत्व त्वरण ९.८१ ऐवजी ९.७१ येतं. हजार वेळा मोजलं तरी ९.७१च. ही पद्धतशीर त्रुटी. तिच्यात वाचनं एकमेकांशी छान जुळतात आणि त्या जुळण्यानेच आपण निर्धास्त होतो.

लंबकाच्या बाबतीत सुटका आहे. वेगवेगळ्या लांब्या घेऊन आवर्तकालाचा वर्ग आणि लांबी यांचा आलेख काढा. रेषेचा चढ बरोबरच येतो, फक्त ती आरंभबिंदूतून न जाता बाजूला सरकते. किती सरकली, यावरून राहून गेलेला तो एक सेंटिमीटर सापडतो. आपल्याकडे हा आलेख केवळ गुणांपुरता काढला जातो आणि रेषा ओढूनताणून आरंभबिंदूतून नेली जाते, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

पण पुस्तकात उत्तरच नसेल तेव्हा? रॉबर्ट मिलिकन यांनी शिकागोत तेलाचे सूक्ष्म थेंब दोन पितळी तबकड्यांमध्ये सोडले. थेंब आपल्या वजनाने किती वेळात खाली येतो आणि विद्युत क्षेत्रात किती वेळात वर चढतो, हे मोजून त्यांनी इलेक्ट्रॉनचा प्रभार काढला. १९१३ च्या निबंधात त्यांनी ५८ थेंबांची वाचनं दिली. माणूस अत्यंत काटेकोर. इतक्या लहान थेंबांना हवेच्या विरोधाचं गणित सांगणारा स्टोक्सचा नियम जसाच्या तसा लागू पडत नाही, हे ओळखून हवेचा दाब बदलत त्यांनी त्याची दुरुस्तीही काढली. उत्तर आलं १.५९२ कूलोंब (१० च्या उणे १९ व्या घाताच्या पटीत), अनिश्चितता सुमारे ०.२ टक्के. आज आपण १.६०२ मानतो. फरक ०.६ टक्क्यांचा, म्हणजे त्यांनी आखलेल्या मर्यादेच्या तिप्पट.

थेंबाचं वजन तराजूत करता येत नाही. त्याचा आकार पडण्याच्या वेगावरून काढावा लागतो आणि त्यासाठी हवेची विष्यंदिता, म्हणजे वाहत्या थरांचं आपसातलं घर्षण, ठाऊक असावी लागते. तीच किंमत जेमतेम अर्धा टक्का कमी धरली गेली होती. प्रभार विष्यंदितेच्या दीड घाताने बदलतो, त्यामुळे चूक उत्तरात वाढून उतरली. प्रत्येक थेंब नवा होता, पण प्रत्येकाच्या गणितात हवेचा आकडा तोच होता. अठ्ठावन्नच्या जागी पाच हजार थेंब घेतले असते तरी काही बदललं नसतं.

१९२०चं दशक सरता सरता दुसऱ्याच वाटेने उत्तर आलं. क्ष-किरणांची तरंगलांबी बारीक रेघा आखलेल्या जाळीवर मोजायची, तिच्यावरून स्फटिकातल्या अणूंमधलं अंतर, त्यावरून अॅव्होगाड्रो संख्या आणि शेवटी विद्युत अपघटनाच्या आधारे प्रभार. या वाटेत हवा कुठेच नव्हती. आकडा मिलिकन यांच्यापेक्षा मोठा निघाला, तेव्हा संशय आधी स्फटिकांवर गेला, त्यांच्या रचनेत दोष असतील म्हणून. हवेची विष्यंदिता पुन्हा नीट मोजली गेली ती १९३०च्या दशकात, आणि मग तेलाच्या थेंबांचं उत्तरही क्ष-किरणांच्या उत्तराकडे सरकलं.