बोट कुणासाठी थांबत नाही : अंदमानच्या सहलीपूर्वी थोडेसे

"डॉक्टरसाहेब, आवंदा दिवाळी झाली की अंदमानला चाललोत. बी.पी. तेवढं बघा अन् जायला हरकत नाही म्हणून सांगा." गेल्या आठवड्यात एक निवृत्त गुरुजी दवाखान्यात शिरले ते असे म्हणतच. बरोबर बाई होत्या आणि हातात सहल कंपनीचे रंगीत पत्रक. बी.पी. पाहिले, ते ठीक होते. मग मी पत्रक मागून घेतले. गुरुजींना वाटले, डॉक्टरांच्याही मनात जायचे आहे. मला पाहायचे होते ते वेगळेच. सकाळी किती वाजता निघायचे, नाश्ता बोटीच्या आधी की नंतर, पायऱ्या किती, लघवीची सोय कुठे. पत्रकात फक्त निघण्याची वेळ होती आणि निळ्या पाण्याचे फोटो होते.

आमच्या धारूर तालुक्यातली कितीतरी कुटुंबे दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात ती ऊसतोडीला. त्यांच्या प्रवासाचा आणि आजारांचा विषय वेगळा व मोठा आहे, तो आज घेत नाही. पण नोकरी संपलेली, मुले पुण्याला लागलेली मंडळी आता काशी-रामेश्वरच्या जोडीला अंदमानही करू लागली आहेत. कारण उघड आहे. सावरकरांना 'महाराजा' नावाच्या बोटीने अंदमानात नेले ते १९११ च्या जुलैत, आणि १९२१ पर्यंत ते तिथे होते. ती कोठडी एकदा डोळ्यांनी पाहावी असे मराठी माणसाला वाटतेच. मलाही वाटले होते, आणि तीन वर्षांपूर्वी मी सपत्नीक जाऊन आलो. तेव्हा पुढचे काही ऐकीव आहे, काही अनुभवाचे.

आधी नावांचा घोळ मिटवू. हॅवलॉक बेटाचे नाव २०१८ साली स्वराज द्वीप झाले, नीलचे शहीद द्वीप आणि रॉसचे नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप. पोर्ट ब्लेअरला २०२४ पासून श्री विजयपुरम म्हणतात. तिकिटावर जुने नाव असेल किंवा नवे, ठिकाण तेच.

आता एक प्रसंग सांगतो. माझे एक जुने रुग्ण, बारा वर्षांचा मधुमेह, सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन. मोठ्या ग्रुपबरोबर अंदमानला गेले. हॅवलॉकची बोट पहाटेची होती. माणूस शिस्तीचा, म्हणून त्यांनी खोलीतच नेहमीप्रमाणे इन्सुलिन टोचून घेतले. नाश्त्याचा डबा धक्क्यावर मिळेल असे सांगितले होते. धक्क्यावर रांग, तपासणी, धावपळ. डबा हातात पडला तेव्हा बोट सुटायला आली होती. दोन घास खाल्ले आणि बोट हलू लागताच तेही बाहेर पडले. अर्ध्या तासात दरदरून घाम, हात थरथरू लागले, बोलणे असंबद्ध. सगळ्यांना वाटले बोट लागली. एका सहप्रवासी बाईंना शंका आली, त्यांनी पर्समधला साखरेचा खडा काढून चघळायला लावला, वर गोड सरबत पाजले. दहा-पंधरा मिनिटांत गृहस्थ ताळ्यावर आले. त्या बाई शेजारी नसत्या तर काय झाले असते, हे त्यांना मी अजून सांगितलेले नाही.

यात चूक इन्सुलिनची नव्हती, क्रमाची होती. ज्या दिवशी जेवणाची वेळ दुसऱ्याच्या हातात आहे त्या दिवशी जेवणाआधीचे इन्सुलिन किंवा साखर उतरवणारी गोळी, विशेषतः ग्लिमेपिराइडसारखी, ताट समोर आल्याशिवाय घ्यायची नाही. दिवसातून एकदाच घ्यायचे लांब पल्ल्याचे इन्सुलिन ही वेगळी बाब आहे, ते मनाने बंद करू नये. उलट्या होत असतील तर डोस किती ठेवायचा हे जाण्यापूर्वीच आपल्या डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्यावे. घाम, थरथर, गोंधळ दिसला की आधी तीन-चार चमचे साखर किंवा ग्लुकोज, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी, आणि नंतर पोटभर खाणे. माणूस बेशुद्ध असेल तर मात्र तोंडात काहीही ओतू नये, ते श्वासनलिकेत जाते. साखरेची पुडी बायकोच्या पिशवीत नको, स्वतःच्या खिशात हवी. गर्दीत बायको चार रांगा पुढे बसलेली असते.

अंदमानची आणखी एक गंमत आहे. बेटे आपल्यापेक्षा खूप पूर्वेला, पण घड्याळ भारताचेच. हिवाळ्यात पाचच्या सुमारास उजाडू लागते आणि संध्याकाळी साडेपाचच्या आत अंधार पडतो. त्यामुळे सहलीचा सगळा दिवस पहाटेकडे सरकतो. अंधार पडला म्हणून रात्रीची गोळी सहालाच घेऊन मोकळे होणारे लोक मी पाहिले आहेत. गोळ्या घड्याळाने घ्यायच्या, सूर्याने नव्हे.

बोट लागते म्हणजे काय होते? आपल्या आतल्या कानात तोल सांभाळणारी यंत्रणा असते. ती मेंदूला सांगते की शरीर हलते आहे. डोळे मात्र बंद केबिनमधल्या स्थिर खुर्च्या पाहून सांगतात की काही हलत नाही. या दोन बातम्या जुळत नाहीत आणि मेंदूचा गोंधळ पोटावर निघतो. म्हणून उपायही तसाच. खिडकीतून दूर क्षितिजाकडे पाहावे, मोबाईल व पुस्तक बंद ठेवावे, जागा निवडता आली तर बोटीच्या मधोमध आणि खालच्या बाजूला घ्यावी. टोकाला हेलकावे जास्त बसतात. पोट रिकामे नको आणि तुडुंबही नको. सुंठ किंवा आलेपाक चघळल्याने काहींना बरे वाटते, करून पाहायला हरकत नाही.

गोळी घ्यायची तर ती मळमळ सुरू होण्यापूर्वी. अ‍ॅव्होमिनसारखी गोळी बोटीच्या तास-दोन तास आधी पोटात गेली तरच उपयोग. उलट्या सुरू झाल्यावर गोळी राहतच नाही. दवाखान्यात उलटीसाठी सर्रास दिली जाणारी ऑन्डॅन्सेट्रॉन या कामाला फारशी उपयोगी नाही, कारण इथे बिघाड पोटात नसतो. आणि अ‍ॅव्होमिन निरुपद्रवी आहे असेही नाही. झोप येते, तोंड कोरडे पडते, प्रोस्टेट वाढलेल्या पुरुषांची लघवी अडू शकते, काचबिंदू असणाऱ्यांनाही ती धोक्याची. साठीपुढच्यांनी विचारल्याशिवाय घेऊ नये.

हे सगळे मी आज शहाण्यासारखे लिहितो आहे, पण माझे काय झाले ते ऐका. खासगी बोटींवर विमानासारखे सामान आधीच जमा करून घेतात. मी डॉक्टर, औषधांची पिशवी व्यवस्थित भरली, आणि ती मोठ्या बॅगेत ठेवली. बॅग गेली सामानात. समुद्र त्या दिवशी खवळलेला. दोन तास मी कागदी पिशवी धरून बसलो आणि सौभाग्यवती मला आल्याचे तुकडे देत होत्या. उतरल्यावर त्यांनी एवढेच विचारले, "पेशंटला काय सांगता हो तुम्ही?" तेव्हापासून सांगतो. तीन दिवसांची सर्व औषधे, चिठ्ठीची प्रत आणि चष्मा खांद्याच्या पिशवीत ठेवा. इन्सुलिन तर विमानातही सामानात टाकू नये, गोठले तर वाया जाते. वापरात असलेली बाटली किंवा पेन उन्हापासून दूर, ओल्या रुमालात गुंडाळून, वर प्लास्टिक लावून ठेवले तर चालते.

बुकिंग करताना लोक हॉटेलात ए.सी. आहे का, शाकाहारी जेवण वेगळे शिजते का, हे बारकाईने विचारतात. विचारायला हवे ते याशिवाय आहे. उदाहरण बाराटांगचे घ्या. चुनखडीच्या गुहा पाहायला जातात ते ठिकाण. पोर्ट ब्लेअरहून रात्रीच निघावे लागते, कारण जिरकाटांगच्या नाक्यावरून गाड्या ठरलेल्या वेळी ताफ्याने सोडतात. पुढचा रस्ता जारवा या आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो. तिथे गाडी थांबवायची नाही, फोटो काढायचे नाहीत, खाऊ द्यायचा नाही. १९५६ पासून त्यांच्या संरक्षणाचा कायदा आहे आणि तो योग्यच आहे, माणसे म्हणजे प्राणिसंग्रहालय नव्हे. पण वैद्यकीय बाजूने याचा अर्थ असा की दीड तासाच्या आसपास गाडी लघवीसाठीसुद्धा थांबणार नाही. पुढे खाडी ओलांडायची, खारफुटीतून लहान बोटीने जायचे, मग गुहेपर्यंत चालायचे, आणि तेवढेच परत. प्रोस्टेटचा त्रास असणारे किंवा लघवी जास्त होण्याची गोळी घेणारे गृहस्थ यात किती हाल सोसतात, हे मी त्या गाडीत पाहिले आहे. अशांनी नाक्यावर मोकळे होऊन घ्यावे. पाण्याची गोळी त्या दिवशी परतल्यावर घेता येईल का हे डॉक्टरांना विचारावे, मनाने बंद करू नये. आणि गुडघे साथ देत नसतील तर बाराटांग सरळ गाळावे. त्या दिवशी विश्रांती घेऊन संध्याकाळी पुन्हा समुद्रावर बसलात तर पैसे वाया गेले असे कुणी म्हणणार नाही.

सेल्युलर जेलमध्येही सावरकरांची कोठडी सर्वांत वरच्या मजल्यावर, ओळीच्या टोकाला आहे. जिने चढावे लागतात. धारूरच्या किल्ल्यात जाऊन येताना छातीत भरून येत असेल तर इथेही येणारच. सकाळी ऊन तापण्यापूर्वी जावे, प्रत्येक मजल्यावर थांबावे. छातीत दाब किंवा डाव्या हातात कळ आली तर कोठडी दिसत असली तरी तिथेच बसावे, आणि हृदयरुग्णाने डॉक्टरांनी दिलेली जिभेखालची गोळी खिशातून काढावी. तीही बसूनच घ्यावी, उभ्याने घेतली तर चक्कर येते.

पाण्यातल्या खेळांबद्दल मला जरा कडक बोलायचे आहे. स्कुबा किंवा डोक्यावर टोप घालून समुद्राच्या तळाशी चालणे, या दोन्हींत पाण्याचा दाब कानांवर आणि फुप्फुसांवर येतो. आधी एक फॉर्म भरून घेतात. त्यात दमा, फिट, हृदयविकार, कानाचे ऑपरेशन यांबद्दल विचारलेले असते आणि आपले लोक बेधडक सगळीकडे 'नाही' लिहितात. "लिहिलं तर नेणार नाहीत." अहो, म्हणूनच तर विचारतात! सर्दीने कान बंद असतील तरी त्या दिवशी खाली जाऊ नये, पडदा फाटतो. स्कुबानंतर अठरा तास तरी विमानात बसू नये, पूर्ण दिवस गेला तर उत्तम. रक्तात विरघळलेला वायू वर गेल्यावर बुडबुडे करतो. म्हणून स्कुबा शेवटच्या दिवशी बुक करणे हीच मूळ चूक.

लाइफ जॅकेट गरम होते म्हणून सोडून ठेवणाऱ्यांसाठी एकच आठवण. २६ जानेवारी २०१४ रोजी रॉस बेटाजवळ पर्यटकांची बोट बुडाली, २१ जण गेले. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसे होती. बोट गच्च भरलेली दिसली तर चढू नका, पुढच्या बोटीने जा, बुडाले तर पैसे बुडू द्या. काही किनाऱ्यांवर मगरींच्या सूचनांचे फलक असतात, तेही शोभेचे नाहीत. २०१० साली हॅवलॉकला एका परदेशी तरुणीचा मगरीने जीव घेतला आहे.

त्यामानाने किरकोळ, पण हमखास घडते ते धक्क्यावर. बोट आणि धक्का यांच्यातली फट, ओली पायरी, आणि एका हातात पिशवी. पिशवी आधी पलीकडे द्यावी, मग दोन्ही हात मोकळे ठेवून खलाशाचा हात धरावा. मधुमेह्यांनी पाण्यातही अनवाणी चालू नये. प्रवाळाची जखम दिसायला ओरखड्याएवढी असते आणि धारूरला परत येईपर्यंत पाय सुजलेला असतो.

मोठे सरकारी रुग्णालय पोर्ट ब्लेअरला आहे, ते गोविंद बल्लभ पंत यांच्या नावाचे. हॅवलॉकला प्राथमिक आरोग्य केंद्र आहे. म्हणजे तिथे हृदयविकाराचा झटका आला तर पुढच्या उपचारांसाठी समुद्र ओलांडावा लागतो. गेल्या सहा महिन्यांत अँजिओप्लास्टी झालेली, धाप लागणारी, पायांवर सूज असलेली माणसे माझ्याकडे आली तर मी मुक्कामाच्या बेटावर जाऊ देत नाही, निदान हृदयतज्ज्ञांना दाखवल्याशिवाय तरी नाही. प्रवास विमा काढताना जुने आजार लपवू नयेत. लपवले की नेमका तोच दावा नाकारला जातो.

हवा बिघडली की बोटी रद्द होतात. यात कंपनीचा दोष नसतो. पण विमान दुसऱ्या दिवशी दुपारचे आणि तुम्ही अडकलेले हॅवलॉकला, औषध संपलेले, हे टाळता येते. परतीच्या विमानाआधीची रात्र पोर्ट ब्लेअरलाच काढावी, आणि औषधे चार-पाच दिवसांची जादा न्यावीत. बोट रद्द झाल्यास आणि प्रवासी आजारी पडल्यास किती पैसे परत, हे आगाऊ रक्कम देण्यापूर्वी लेखी घ्यावे. तोंडी 'बघू नंतर' म्हणणाऱ्यास आगाऊ रक्कम देऊ नये.

गुरुजींनी माझ्यासमोरच कंपनीला फोन लावला. शेवटची रात्र हॅवलॉकला होती, आणि स्कुबा त्याच दिवशी सकाळी. "स्कुबा आम्हाला नकोच," गुरुजी म्हणाले. फोनवरच्या मुलाने पैसे परत मिळणार नाहीत असे सांगितले. गुरुजी माझ्याकडे पाहू लागले, मग बाईंकडे. बाईंनी फोन हातात घेतला. "बाळा, तो दिवस पोर्ट ब्लेअरला धर, अन् पैशाचं नंतर भांडू." दिवस बदलला. पैशाचे भांडण अजून चालू आहे.