वाटीभर गाळ आणि पावणेचार लाख पट विष

कोथरूडचे नाले मुठेला मिळतात. नदीच्या गाळात दर ग्रॅममागे साधारण 10 कोटी ते 100 कोटी जिवाणू राहतात. म्हणजे 100 ग्रॅमच्या वाटीभर गाळात जगातल्या सगळ्या माणसांहून जास्त जीव! शहरातून वाहत येणारं शिसं, जस्त, तांबं, कॅडमियमही याच गाळात बसतं. बाकीची बरीच घाण कुजून संपते. धातूचा अणू कुजत नाही.

मग हे जीव जगतात कसे? एकेक अणू मोजून. अमेरिकेतल्या संशोधकांनी 2001 मध्ये दाखवलं की ई. कोलाय या जिवाणूच्या एका पेशीत जस्ताचे सुमारे 2 लाख अणू असतात, पण ते सगळे प्रथिनांनी धरून ठेवलेले. मोकळा फिरणारा जवळजवळ एकही नाही. एखादा जरी जास्त झाला, तरी पेशीतल्या पहारेकरी प्रथिनांना कळतं आणि पटलातले पंप त्याला बाहेर काढतात. मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढ्या देहात इतका चोख हिशेब! मला तरी याहून थक्क करणारी गोष्ट माहीत नाही.

काही जिवाणू विषाचं रूपच पालटतात. कोथरूडहून कर्वे रस्त्याने डेक्कनकडे गेलं की जवळच आघारकर संशोधन संस्था लागते. तिथल्या संशोधकांनी शहरी सांडपाण्यातून मायक्रोबॅक्टेरियम लॅक्टिकम हा जिवाणू वेगळा केला. 2002 मध्ये ते काम प्रसिद्ध झालं. लिटरमागे जवळपास पावणेचार ग्रॅम आर्सेनिक असलं तरी तो त्याचं जास्त विषारी रूप कमी विषारी रूपात बदलतो, आणि ते पाण्यातून काढणं सोपं जातं. पिण्याच्या पाण्यातली मर्यादा आहे लिटरमागे 0.01 मिलिग्रॅम. म्हणजे जवळपास पावणेचार लाख पट.

गाळाच्या तळाशी, जिथे प्राणवायू पोचत नाही, तिथे आणखी काही जिवाणू हायड्रोजन सल्फाइड सोडतात. नाल्याकाठचा सडक्या अंड्यांचा वास बहुधा त्याचाच. तो वायू धातूंना न विरघळणाऱ्या सल्फाइडमध्ये बांधून टाकतो.

या चिवटपणाची मला काळजीही वाटते. टीएन21 नावाचा जनुकांचा एक गट जिवाणूला पाऱ्यापासून वाचवतो आणि स्ट्रेप्टोमायसिन व सल्फा औषधांपासूनही. तो एका जिवाणूतून दुसऱ्यात जाऊ शकतो. पारा असलेल्या गाळात औषधाचा थेंब पडला नाही, तरी ती औषधविरोधी जनुकं टिकून राहू शकतात. म्हणून कारखान्याचं धातूमिश्रित पाणी नाल्याबाहेर रोखणं हे मी दवाखान्याचंच काम समजतो.