वणाला किती मार्क?

डॉग शो म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं? शाम्पू, ब्लो-ड्रायर, चकचकीत केस आणि रॅम्पवर चालल्यासारखं ऐटीत पळणारं कुत्रं. नाकावर एखादा ओरखडा दिसला की ते बाद, असंच आपण धरून चालतो. शेवटी ही सौंदर्यस्पर्धाच ना? मग चेहऱ्यावर वण चालेलच कसा?

चालतो! निदान काही जातींना तरी चालतो. अमेरिकन केनेल क्लबच्या नियमांत डॅशहुंडबद्दल स्पष्ट म्हटलंय, की हे शिकारी कुत्रं आहे, त्यामुळे मानानं मिळालेल्या जखमांचे वण हा दोष धरू नये. हो, तेच लांबुडकं, बुटकं डॅशहुंड, जे तुमच्या सोसायटीत कुणाच्या तरी सोफ्यावर लोळत असतं. नॉर्विच आणि नॉरफोक टेरियरच्या नियमांतही अशा ‘मानाच्या वणां’चा उल्लेख आहे. आणि जॅक रसेल टेरियरवाले तर या बाबतीत सगळ्यात ठाम. काम करताना किंवा अपघातात झालेल्या जुन्या जखमांमुळे कुत्र्याची रिंगमधली संधी जाऊ नये, असं त्यांचं म्हणणं. अट एकच. त्या जखमेमुळे कुत्र्याची चाल, काम किंवा प्रजनन यात अडथळा येता कामा नये.

वाचायला छान वाटतं. पण ‘मानाचा वण’ म्हणजे नक्की काय? तो कुणी ठरवायचा? आणि ज्या कामातून तो मिळाला, ते कामच आज कायद्याच्या कचाट्यात असेल तर? इथून पुढे गोष्ट इंटरेस्टिंग होते.

मातीत शिरणारं कुत्रं

‘टेरियर’ हा शब्द आला ‘माती’ या अर्थाच्या ‘टेरा’ या लॅटिन शब्दावरून. मातीत, म्हणजे बिळात शिरणारं कुत्रं ते टेरियर. ब्रिटनमध्ये घोड्यांवर बसून, शिकारी कुत्र्यांची टोळी घेऊन फॉक्सच्या मागे लागायची मोठी परंपरा होती. (आपण फॉक्सला सर्रास कोल्हा म्हणतो. खरं तर तो आपल्याकडच्या खोकडाचा भाऊबंद. कोल्हा म्हणजे जॅकल.) पळून पळून दमलेलं हे खोकड शेवटी बिळात घुसायचं. मोठी कुत्री बाहेर भुंकत राहायची, कारण आत जायला जागाच नाही. मग एका छोट्या टेरियरला आत सोडायचं. त्यानं खोकडाला बाहेर काढायचं, नाही तर आत एका जागी अडवून भुंकत राहायचं, म्हणजे वरच्या माणसांना खणायचं कुठे ते कळतं.

आता ते बीळ जरा डोळ्यांपुढे आणा. अंधार, वळायलाही जागा नाही, आणि समोर जीव वाचवण्यासाठी काहीही करेल असं जनावर. अशा वेळी कुत्र्याचा कुठला भाग सगळ्यात पुढे असतो? तोंड. म्हणून टेरियरचे वण बहुतेक करून नाकावर, ओठांवर, जबड्यावर आणि कानांवर असतात. कधी दात तुटतो. कधी माती ढासळून कुत्रं आतच अडकतं. इंग्लंडमधल्या ‘फेल अँड मूरलँड वर्किंग टेरियर क्लब’चं तर एक मुख्य कामच अडकलेल्या टेरियरांना बाहेर काढणं हे आहे.

पाद्रीबुवा आणि ट्रम्प

जॅक रसेल हे नाव ज्यांच्यावरून पडलं, ते जॉन रसेल नावाचे पाद्री होते. इंग्लंडच्या डेव्हन परगण्यातले. जन्म 1795, मृत्यू 1883. ऑक्सफर्डला कॉलेजात असताना त्यांना एका दूधवाल्याकडे एक पांढरी टेरियर कुत्री दिसली. डोळ्यांवर आणि कानांवर गडद ठिपके. बुवांनी ती तिथल्या तिथे विकत घेतली. तिचं नाव ट्रम्प. (नुसता योगायोग, गैरसमज नको.) त्यांच्या पुढच्या टेरियरांचं मूळ या ट्रम्पमध्येच मानलं जातं.

रसेलबुवांची गंमत अशी, की ते दोन्हीकडचे होते. एकीकडे पट्टीचे शिकारी. दुसरीकडे 1873 मध्ये लंडनला जो केनेल क्लब निघाला, त्याच्या सुरुवातीच्या सभासदांत त्यांचं नाव. 1874 मध्ये क्रिस्टल पॅलेसच्या शोमध्ये त्यांनी फॉक्स टेरियर जज केले. स्वतःची कुत्री मात्र ते शोमध्ये उतरवत नसत, असं सांगतात.

का? कारण तेव्हाच दोन वाटा फुटायला लागल्या होत्या. कुत्र्यांचा पहिला रीतसर शो न्यूकॅसलला 1859 मध्ये झाला. 1886 मध्ये चार्ल्स क्रफ्ट या माणसानं लंडनमध्ये खास टेरियरांचा शो भरवला, आणि त्यातूनच पुढे आजचा जगप्रसिद्ध ‘क्रफ्ट्स’ शो उभा राहिला. बक्षीस दिसण्याला मिळायला लागलं, तशी माणसं दिसण्यासाठी पैदास करू लागली. डोकं आणखी लांब, पाय आणखी सरळ, केस आणखी झोकदार. बिळात कोण शिरतंय हे बघायला जजला बीळ कुठे होतं?

जज हातानं काय मोजतो?

कामाच्या टेरियरांचे शो बघितलेत तर पहिल्यांदा एक गोष्ट खटकेल. जज कुत्र्याला मागून धरतो, पुढच्या पायांच्या मागे दोन्ही हातांचा वेढा छातीभोवती घालतो आणि अलगद उचलतो. याला म्हणतात ‘स्पॅनिंग’. मध्यम आकाराच्या दोन पंजांत छाती मावली तर ठीक. नाही मावली, तर ते कुत्रं कितीही देखणं असो, बिळात अडकणार. छाती नुसती लहान असून भागत नाही, ती दबणारीही हवी. अरुंद जागेत अंग चोरून पुढे सरकता आलं पाहिजे ना!

त्यानंतर कातडी. बॉर्डर टेरियरची कातडी जाड आणि सैलसर असावी असा नियमच आहे, म्हणजे चावा बसला तरी आतल्या मांसापर्यंत पोहोचत नाही. मग दात. वरचे दात खालच्या दातांवर कात्रीसारखे बसायला हवेत. आणि शेवटी चाल.

वणाचा प्रश्न नेमका इथे येतो. समजा, जजसमोर दोन कुत्री आहेत. एकाचा सुळा तुटलाय, ओठावर पांढरी रेघ आहे. दुसऱ्याच्या चेहऱ्यावर एक डाग नाही, पण खालचा जबडा जरा पुढे आलाय. तुम्ही कुणाला वर ठेवाल?

जाणकार जज पहिल्याला वर ठेवेल. शोचा मूळ हेतू पुढच्या पिढीचे आईबाप निवडणं हा आहे. तुटलेला दात पिल्लांत उतरत नाही. वाकडा जबडा उतरू शकतो. वण ही अंगावर घडलेली गोष्ट, जबड्याची ठेवण ही रक्तातली. दोन्ही एकाच तराजूत कसं तोलणार? पैलवानाचा मोडलेला कान बघून आपण त्याला कुरूप म्हणत नाही. तालमीत घासला, दबला, म्हणून तो तसा झाला, हे आपल्याला माहीत असतं. पैलवानाचा मुलगा मात्र चांगल्या कानांचाच जन्मतो.

पण जखमेनं खांदा आखडला असेल, कुत्रं लंगडत असेल, तर? तिथे मानबिन बाजूला. मार्क कटणार.

वण म्हणजे मेडल नाही

इथे एक झोल आहे. ‘दोष धरू नये’ आणि ‘गुण धरावा’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. नियम पहिलं सांगतात. रिंगच्या कडेला उभी असलेली काही माणसं मात्र दुसरं ऐकतात. जितके वण जास्त, तितकं कुत्रं भारी!

खुद्द जुन्या टेरियरवाल्यांतच यावर वाद आहेत. त्यांच्या भाषेत काही कुत्री ‘हार्ड’ असतात. दिसलं की भिडायचं, मागेपुढे बघायचं नाही. काही शहाणी असतात. अंतर राखतात, सारखी भुंकतात, जनावराला वैताग आणतात, पण दातांच्या टप्प्यात जात नाहीत. काम दोघंही करतात. फरक एवढाच, की पहिलं कुत्रं महिनाभर पट्ट्या बांधून पडून राहतं आणि दुसरं परवा पुन्हा कामाला तयार असतं. रसेलबुवांनाही खोकडाला मारून टाकणारी कुत्री नको होती, अडवून धरणारी हवी होती, असंच त्यांच्याबद्दल सांगितलं जातं. मग स्वच्छ चेहऱ्याचं कुत्रं अनुभव नसलेलं असेल, किंवा मग सगळ्यात हुशार असेल. नुसता चेहरा बघून ते कळत नाही.

म्हणून कामाच्या टेरियरांच्या शोमध्ये अनेकदा काम केलेल्या आणि न केलेल्या कुत्र्यांचे वर्गच वेगळे ठेवतात. अमेरिकेतला जॅक रसेलवाल्यांचा क्लब (स्थापना 1976) प्रत्यक्ष जमिनीखाली काम केलेल्या कुत्र्याला वेगळं प्रमाणपत्र देतो. थोडक्यात, अनुभवाचा पुरावा कागदावर बघा, कातडीवर शोधू नका.

वणामागचा गुन्हा

आता सगळ्यात अवघड भाग. टेरियरच्या जबड्यावरचा वण फक्त खोकडाचाच असतो असं नाही. ब्रिटनमध्ये बॅजर नावाचा, जमिनीत घरं करून राहणारा, ताकदवान पंजांचा प्राणी आहे. त्याच्यावर कुत्री सोडून मजा बघायचा ‘खेळ’ तिथे 1835 मध्येच बेकायदा ठरला. 1992 च्या कायद्यानं बॅजरला आणि त्याच्या बिळांनाही संरक्षण दिलं. तरीही हे प्रकार चोरून चालतात. अशा प्रकरणांत तपास करणाऱ्यांची नजर सगळ्यात आधी जाते ती कुत्र्याच्या तोंडाकडे. खालच्या जबड्यावर जुन्या-नव्या जखमांचा थर, आणि त्या डॉक्टरकडे न नेता घरीच शिवलेल्या. तोच वण. रिंगमध्ये मानाचा, कोर्टात पुरावा.

खोकडाच्या शिकारीचंही चित्र बदललंय. इंग्लंड आणि वेल्समध्ये 2004 चा शिकारबंदी कायदा फेब्रुवारी 2005 पासून लागू झाला. टेरियर बिळात सोडायला अगदी चिंचोळी सूट उरली. शिकारीसाठी राखलेल्या पक्ष्यांचं खोकडापासून रक्षण करायचं असेल तरच. एका वेळी जमिनीखाली एकच कुत्रं. जमीनमालकाची लेखी परवानगी सोबत. आणि आणखी एक अट, कुत्र्याला इजा होऊ नये म्हणून पुरेशी काळजी घ्यायची. वाचलंत ना? इजा होऊ नये! म्हणजे ज्या खुणेला शोचे नियम ‘मानाची’ म्हणतात, ती टाळणं ही कायद्यानं माणसाची जबाबदारी ठरवलीय. मग तरुण कुत्र्याच्या नाकावर ताजा वण दिसला, तर जजनं कौतुक करायचं की ‘हे कुठे झालं?’ असं विचारायचं?

शेपटीचं प्रकरण तर याहून भन्नाट. बिळातून ओढून काढायला मूठभर शेपूट पुरते, म्हणून टेरियरांच्या शेपट्या छाटायची जुनी पद्धत होती. इंग्लंडमध्ये 6 एप्रिल 2007 पासून हे बंद झालं. कामाच्या ठरावीक कुत्र्यांना सूट मिळाली. पण त्या तारखेनंतर छाटलेली शेपूट घेऊन, लोक तिकीट काढून येतात अशा शोमध्ये दिसण्याच्या स्पर्धेत उतरता येत नाही. म्हणजे वण चालतो, छाटलेली शेपूट चालत नाही. कारण एक खूण नशिबानं आली आणि दुसरी माणसानं मुद्दाम केली.

बीळ लाकडाचं, उंदीर पिंजऱ्यात

मग ज्यांना कुत्र्याची हुशारी बघायचीय, पण रक्त नको, त्यांनी काय करायचं? अमेरिकन केनेल क्लबनं 1994 मध्ये ‘अर्थडॉग’ चाचण्या सुरू केल्या. जमिनीत लाकडी बोगदा पुरायचा, त्याला काटकोनी वळणं द्यायची आणि शेवटी मजबूत पिंजऱ्यात सुरक्षित ठेवलेले उंदीर. कुत्र्यानं अंधारात वाट काढत पोहोचायचं, भुंकायचं, खरवडायचं. उंदरांना काही होत नाही, कुत्र्यालाही नाही. कट्टर टेरियरवाले नाकं मुरडतात, की ही तर लुटुपुटूची लढाई! पण नाक, हिंमत आणि चिकाटी, तिन्ही त्यात दिसतातच.

भांडण अजून मिटलेलं नाही. ब्रिटनच्या केनेल क्लबनं 1990 मध्ये रसेलबुवांच्या टेरियरला मान्यता दिली, अमेरिकेनं 1997 मध्ये. त्या वेळी जॅक रसेलच्या जुन्या क्लबनं कडाडून विरोध केला. एकदा हे कुत्रं चकचकीत रिंगमध्ये गेलं की फक्त दिसण्यापुरतं उरेल, ही त्यांची भीती. शेवटी अमेरिकन केनेल क्लबनं 2003 मध्ये आपल्या जातीचं नाव ‘पार्सन रसेल’ केलं. वणाकडे दोष म्हणून बघू नका, हे मात्र दोन्हीकडचे नियम आजही सांगतात.

तुम्हाला याचं काय? आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव कायद्यानं शिकारीला बंदी आहे. कुत्र्यांच्या झुंजी लावणं हा 1960 च्या कायद्यानं गुन्हा आहे. त्यामुळे आपल्या शहरातल्या जॅक रसेलच्या नाकावर ‘मानाचा’ वण येण्याचा रस्ताच उरत नाही. पण थंडीत आपल्याकडे डॉग शोंचा सीझन असतो, तेव्हा एखाद्या रिंगजवळ जरूर उभे राहा. वण असलेलं कुत्रं दिसलं तर ‘ईऽऽ’ पण नको आणि ‘काय वाघ आहे!’ पण नको. मालकाला सरळ विचारा, हे कसं झालं, डॉक्टरांनी काय सांगितलं. उत्तर मोकळेपणानं आलं, की बरंच कळतं. आलं नाही, तरी कळतं.

आणि घरी परतताना गल्लीतल्या कुत्र्यांच्या कानाकडे बघा. कानाच्या टोकाला खाच दिसली, तर ते भांडणात फाटलेलं नाही. नसबंदी झाल्याची ती खूण आहे, आणि अशा कुत्र्याला रेबीजची लसही टोचलेली असते. जन्मात कुठल्या रिंगमध्ये न गेलेल्या त्या कुत्र्याचा वण कुणाच्याही शौकापायी आलेला नाही. मार्क द्यायचेच असतील, तर तिथे द्या.